संगणकातील वस्तू पुरी केव्हा होते?



आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना तो परका वाटेल. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे वस्तूंच्या कल्पनेवर उभारलेली प्रोग्रामरचना, आणि त्यांतही कन्स्ट्रक्टर व वारसा ही दोन प्रकरणे. प्रोग्राम लिहिणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हे पाहावे, आम्हांला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आपला पगार, आपले रेल्वेचे आरक्षण, आपली बँकेतील मुदत ठेव ह्यांचे हिशेब आज प्रोग्रामांच्याच हाती आहेत. त्यांत एखादी वस्तू अर्धवट घडली असतानाच कामाला जुंपली गेली, तर चूक गाजावाजा करीत येत नाही. ती नीटनेटक्या छापील पावतीच्या रूपाने येते आणि आपण ती खरी मानून घरी घेऊन जातो. ही चूक कशी शिरते आणि तिला अटकाव करण्यासाठी संगणकाच्या भाषा घडविणाऱ्यांनी काय काय योजले, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ ठरवून घेऊ. बँकेतील खात्याचेच उदाहरण घ्या. खात्याला क्रमांक असतो, खातेदाराचे नाव असते, शिल्लक असते. आणि त्यावर पैसे भरणे, काढणे, पावती देणे अशी कामे चालतात. कोणत्या रकाने असावेत व कोणती कामे करता यावीत ह्याचा जो नमुना, त्याला क्लास म्हणतात. त्या नमुन्याप्रमाणे उघडलेले प्रत्यक्ष एक खाते, म्हणजे ऑब्जेक्ट किंवा वस्तू. नमुना एक, वस्तू हव्या तितक्या.

आता खाते उघडताना काय होते? खिडकीवरचा कारकून अर्ज घेतो, नाव नसेल तर परत करतो, क्रमांक देतो, पहिली रक्कम मांडतो, आणि सर्व रकाने भरल्यावरच पासबुक आपल्या हाती देतो. प्रोग्राममध्ये हे काम जो भाग करतो, तो कन्स्ट्रक्टर. वस्तू जन्माला येते त्या क्षणी तो आपोआप चालतो. पण रकाने भरणे हे त्याचे वरवरचे वर्णन झाले. वस्तुतः कन्स्ट्रक्टर एक हमी देतो. ती अशी की, माझ्या हातून बाहेर पडलेल्या प्रत्येक खात्याला क्रमांक आहे, नाव आहे, आणि त्याची शिल्लक शून्याखाली नाही. ह्या हमीवर विसंबूनच बाकीचा सारा प्रोग्राम चालतो. पैसे काढून देणारा भाग दर वेळी क्रमांक आहे ना, नाव आहे ना, अशी चौकशी करीत बसत नाही. तेव्हा हमी पुरी होण्यापूर्वी वस्तू कोणाच्या हाती लागता कामा नये, हे ओघानेच आले.

एकच क्लास असेल तर हे सोपे आहे. अडचण उत्पन्न होते ती वारशामुळे. मुदत ठेव हेही एक खातेच आहे. त्यालाही क्रमांक, नाव व शिल्लक लागते. मात्र त्याला मुदत आणि व्याजाचा दर हे दोन रकाने अधिक. मग सगळा नमुना पुन्हा लिहिण्यापेक्षा ‘मुदत ठेव म्हणजे खाते, आणि शिवाय हे दोन रकाने’ असे सांगता आले तर? ह्या सोयीला इनहेरिटन्स म्हणतात. पहिला तो मूळ क्लास, दुसरा वारस क्लास. वारसाला मूळ क्लासचे एखादे काम आपल्या पद्धतीने बदलून घेण्याचीही मुभा असते. उदाहरणार्थ, खात्याची पावती साधी, तर मुदत ठेवीच्या पावतीवर मुदत व परतीची तारीख हवी. अशा वेळी वारस ‘पावती’ हे काम नव्याने लिहितो, आणि पावती मागताच ज्या जातीची वस्तू असेल त्या जातीची पावती निघते.

ही कल्पना नॉर्वेतील. ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर ह्या संस्थेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकात सिम्युला नावाची भाषा रचीत होते. रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ अशा गोष्टींची नक्कल संगणकावर करून पाहणे हा तिचा उद्देश. पुलावरील टोलनाक्यापाशी ट्रक आणि बसगाड्या रांगेत उभ्या आहेत, अशा एका उदाहरणाचा विचार चालू असताना त्यांच्या ध्यानात आले की, गाडी कोणतीही असो, रांगेत उभे राहण्यासाठी ‘माझ्या पुढे कोण, मागे कोण’ एवढी माहिती प्रत्येकीला सारखीच लागते. मग तो समाईक थर एकदाच लिहावा आणि ट्रकचा व बसचा थर त्याला जोडून द्यावा. १९६७ सालच्या सिम्युलामध्ये ही योजना आली. ह्या कार्याबद्दल दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही निवर्तले.

येथे ‘वारसा’ ह्या शब्दाने थोडी फसगत होते, ती दूर केली पाहिजे. व्यवहारात वारसा मिळतो तो वडील माणूस गेल्यावर. संगणकात तसे नाही. मुदत ठेवीच्या प्रत्येक वस्तूच्या पोटात मूळ खात्याचा पुरा थर नांदत असतो. म्हणजे वस्तू एक, पण तिचे थर दोन. आणि हमीही दोन. क्रमांक, नाव व शिल्लक ह्यांची हमी मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरने द्यावयाची, मुदत व दर ह्यांची वारसाच्या कन्स्ट्रक्टरने. जे एका हाताने व्हावयाचे ते आता दोन हातांनी व्हावयाचे आहे. मग कोणी आधी आणि कोणी मागून?

सिम्युलाने दिलेले उत्तर असे होते की, वस्तू निर्माण होताच आधी मूळ क्लासमधील कृती चालाव्यात आणि नंतर वारसाच्या. घर बांधताना पाया आधी आणि मजला मागून, तसेच हे. डेन्मार्कचे बियार्न स्ट्रूस्ट्रुप ह्यांनी केंब्रिजला विद्यार्थी असताना सिम्युला वापरली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून त्यांनी जी भाषा घडविण्यास घेतली आणि १९८५ मध्ये जी सी प्लस प्लस ह्या नावाने बाजारात आली, तिनेही हाच क्रम ठेवला. वस्तू मोडीत काढावयाची झाली तर तेथे क्रम नेमका उलटा असतो: मजला आधी उतरवावयाचा, पाया शेवटी. १९९६ साली पहिली आवृत्ती निघालेल्या जावा भाषेतही प्रत्येक वारसाचा कन्स्ट्रक्टर आधी मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारतो. प्रोग्राम लिहिणाराने ती हाक लिहिली नाही तर भाषा स्वतः ती घालते. अशी हाक वर वर जात सर्वांच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट नावाच्या क्लासपर्यंत पोचते, आणि तेथून खाली एकेक थर पुरा होत येतो.

कोणी म्हणेल, मूळ क्लासची सारी कामे वारसाला मिळतात, तर त्याचा कन्स्ट्रक्टरही मिळावा. पण थोडा विचार करा. साध्या खात्याच्या कन्स्ट्रक्टरला मुदत ही वस्तूच ठाऊक नाही. त्याच्याच हातून मुदत ठेव उघडता आली असती, तर मुदतीचा रकाना कोरा राहिला असता. म्हणून जावा आणि सी शार्प ह्या भाषांत कन्स्ट्रक्टर वारशाने मिळत नाही. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून तो मागून घेता येतो, पण तसे स्पष्ट लिहावे लागते. थोडक्यात, गुण वारशाने मिळतात, घडण ज्याची त्याने करून घ्यावयाची.

आता मुख्य संकटाकडे येऊ. समजा, बँकेचे व्यवस्थापक म्हणाले की, खाते कोणत्याही प्रकारचे असो, उघडताच पावती छापली गेली पाहिजे. प्रोग्राम लिहिणाऱ्या हुशार गृहस्थाने विचार केला की, प्रत्येक वारसात हे लिहिण्यापेक्षा मूळ खात्याच्या कन्स्ट्रक्टरच्या अखेरीस ‘पावती छाप’ एवढी एकच ओळ घालावी. वाचताना ह्यात काहीच वावगे दिसत नाही. साधी खाती उघडून पाहिली. पावत्या बरोबर निघाल्या. मग एके दिवशी कोणी ५०,००० रुपयांची १२ महिन्यांची ठेव ठेवली. काय होईल?

जावामध्ये आधी मूळ कन्स्ट्रक्टर चालेल. त्याने क्रमांक, नाव व शिल्लक भरली आणि पावती मागितली. वस्तू मुदत ठेवीची, म्हणून पावतीही मुदत ठेवीचीच निघणार. परंतु वारसाच्या कन्स्ट्रक्टरची पाळी अजून आलेलीच नाही! मुदतीच्या रकान्यात अद्याप शून्य आहे. पावती निघेल ती ‘मुदत ० महिने, परतीची तारीख आजची’ अशी. नंतर क्षणभराने १२ हा आकडा रकान्यात जाऊन बसेल. म्हणजे पुढे वहीत पाहावे तर सारे ठीक, आणि ठेवीदाराच्या हातातील कागद मात्र खोटा. चूक शोधणाऱ्याला वहीत काही सापडणार नाही.

सी शार्पमध्ये हीच गत होईल. सी प्लस प्लसने सावधगिरी निराळ्या तऱ्हेने घेतली आहे. मूळ थर घडत असेपर्यंत ती वस्तूला केवळ साधे खातेच मानते. म्हणून तेथे साध्या खात्याची पावती निघेल. खोटा आकडा छापला जाणार नाही, परंतु मुदतीचा उल्लेखही असणार नाही. पायथनमध्ये रकाने आधीपासून आखलेले नसतात. मूळ कन्स्ट्रक्टरला आधी हाक मारली असेल, तर मुदत नावाचे काही सापडत नाही अशी तक्रार करून प्रोग्राम तेथेच थांबेल. हे गैरसोयीचे खरे, पण खोट्या पावतीपेक्षा बंद खिडकी बरी.

ॲपल कंपनीने २०१४ मध्ये पुढे आणलेल्या स्विफ्ट भाषेने तर क्रमच फिरविला. तिचा नियम असा की, वारसाने आधी स्वतःचे सर्व रकाने भरावेत, मगच मूळ क्लासला हाक मारावी. आणि सर्व थरांचे रकाने भरून झाल्यावरच वस्तूने कामाला हात घालावा. हा नियम मोडला तर प्रोग्राम तयारच होत नाही. आपली पावती तेथे बरोबर निघेल, कारण ती मागितली जाईपर्यंत १२ हा आकडा जागेवर बसलेला असेल. विशेष हे की, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावाच्या पंचविसाव्या आवृत्तीनेही मूळ क्लासला हाक मारण्यापूर्वी स्वतःचे रकाने भरण्याची परवानगी दिली. पहिल्या आवृत्तीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी!

मग पाया आधी हे तत्त्व चुकीचे ठरले काय? मला तसे वाटत नाही. वारसाच्या कामाला मूळ थराचा आधार लागतो. क्रमांकच नसेल तर ठेवीची पावती कसली? पण मूळ थराने घडतानाच वारसाकडे काम मागितले, तर त्या क्षणी आधार उलटा लागतो. भिंती उभ्या नसताना छपराखाली पंगत बसविण्यासारखे ते आहे. दोष क्रमाचा नसून घाईचा आहे. भाषांची उत्तरे वेगवेगळी असली, तरी सर्वांना भय एकाच गोष्टीचे आहे: अर्धवट वस्तू कामाला लागण्याचे.

ह्यावरून प्रोग्राम लिहिणाराने घ्यावयाचा धडा साधा आहे. कन्स्ट्रक्टरने रकाने भरावेत, ते तपासावेत आणि बाजूला व्हावे. वारसाला बदलता येईल असे कोणतेही काम तेथून मागू नये. पावती छापावयाची असेल तर एक स्वतंत्र भाग असावा. त्याने आधी वस्तू पुरी घडवून घ्यावी आणि मग तिच्याकडून पावती मागावी. ओळी दोनच, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. आणि वारसा जोडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही वस्तू खरोखरच त्या जातीची आहे, की तिला त्या वस्तूची फक्त मदत हवी आहे? मुदत ठेव हे खाते आहे. पावती छापणारे यंत्र हे खाते नव्हे, खात्याने त्याचा उपयोग करावयाचा. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस ह्या चौघांनी १९९४ साली लिहिलेल्या डिझाइन पॅटर्न्स ह्या ग्रंथातही, वारशापेक्षा वस्तूला वस्तूची जोड देण्याकडे कल असावा, असा सल्ला आहे.

श्रोत्यांपैकी ज्यांना प्रोग्राम लिहावयाचा नाही त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. संगणकाने छापले म्हणून ते बरोबर, असे नाही. यंत्र आकड्यांची बेरीज चुकत नाही. पण बेरीज कोणत्या क्षणी मागावयाची हे माणसाने ठरविलेले असते, आणि तो क्षण चुकू शकतो. म्हणून मुदत ठेवीची पावती हाती आली की परतीची तारीख तेथेच वाचून पाहावी. ती आजचीच असेल, तर खिडकीवरच्या कारकुनाला बोल लावू नये. त्याने काही चुकविलेले नाही. आत कोठेतरी एका वस्तूला पुरी होण्याआधीच कोणी हाक मारली आहे.