नार्कोलेप्सी : उंदरांनी दाखविलेले कारण

तंद्रा व निद्राधिक्य यांची गणना चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कफाच्या नानात्मज विकारांत केलेली आहे. तथापि दिवसा अनावर झोप येणाऱ्या प्रत्येक रुग्णास त्याच चौकटीत बसविणे उचित नव्हे, हे नार्कोलेप्सीवरील संशोधनावरून ध्यानात येते. या विकारात दिवसा झोपेचे झटके येतात. पुष्कळ रुग्णांचे हसताना वा आश्चर्य वाटताच, शुद्ध असूनही, अंगातील बळ एकाएकी जाते. यास कॅटाप्लेक्सी म्हणतात.

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील काही पेशी ओरेक्सिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. १९९८ साली त्याचा शोध लागला, तेव्हा त्याचा संबंध भुकेशी जोडला गेला होता. पुढे टेक्सास येथे मासाशी यानागिसावा यांच्या चमूने हे द्रव्य निर्माणच न करणारे उंदीर तयार केले. उंदीर निशाचर असल्याने त्यांचे रात्री अवरक्त प्रकाशात चित्रीकरण केले. तेव्हा हिंडताफिरता उंदीर अकस्मात कोसळे व थोड्याच वेळात पूर्ववत् हालचाल करू लागे. हा अपस्मार असावा, ही शंका मेंदूच्या विद्युत् आलेखाने दूर केली. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील संशोधकांना नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांत ओरेक्सिनच्या ग्राहकाचा जन्मजात दोष आढळला. २००० साली मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत ओरेक्सिननिर्मिती करणाऱ्या पेशींचा ऱ्हास दिसून आला.

मात्र या उंदरांत द्रव्याचा अभाव जन्मतःच होता. मनुष्यात पेशी पुढे नष्ट होतात व त्यामागे शरीराची प्रतिकारयंत्रणाच असावी, असे मानले जाते. २००१ साली जन्मानंतर या पेशी गमावणारे उंदीरही तयार झाले. परंतु त्यांतील पेशीनाश संशोधकांनीच घडविलेला असतो. सारांश, पेशी गेल्यावर काय होते ते उंदीर दाखवितो. त्या का जातात, हे सांगत नाही. म्हणूनच औषधाच्या वेष्टनावर ‘उंदरांवर सिद्ध’ असे छापण्यापूर्वी औषधनिर्मात्या बंधूंनी कोणता उंदीर व कोणते लक्षण, याचा विचार करावा. निरोगी उंदीर अधिक काळ जागा राहिला, एवढ्याने ते औषध नार्कोलेप्सीवर लागू ठरत नाही.

चिकित्सकांनी दिवसा झोप येणाऱ्या रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारावा : हसताना गुडघे लटके पडतात काय? उत्तर होकारार्थी असल्यास त्यास निद्राविकारतज्ज्ञांकडे पाठवावे व तोवर वाहन चालवू देऊ नये. चालू असलेली आधुनिक औषधे एकाएकी बंद करवू नयेत. काहींच्या बाबतीत त्यामुळे कॅटाप्लेक्सी बळावते. शोधनाने नष्ट पेशी परत येतील, असे आश्वासनही देऊ नये. अशा रुग्णास आपण आळशी न म्हणणे, हीदेखील चिकित्साच होय.