वीर्याच्या रिपोर्टमध्ये ‘अपक्व पेशी’ आल्या म्हणजे काय?

निकाहाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. मुलाचं नाव कुणी काढत नाही. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण, पूर्ण किंवा काही अंशी, पुरुषाकडे असतं. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी व्हायला हवी.

वीर्याचा रिपोर्ट हातात आला, की ‘राउंड सेल्स’ किंवा ‘अपक्व पेशी’ हे शब्द वाचून अनेकजण घाबरतात. या पेशी काय असतात, ते समजून घेऊ.

वृषणात बारीक नलिका असतात. त्यांच्या भिंतीलगतच्या मूळ पेशी मुलगा वयात आल्यावर शुक्राणू बनवायला लागतात. काही पेशी साठा म्हणून मागेच राहतात, बाकीच्या पुढे सरकतात. पुढे गेलेल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. ती दोनदा विभागते आणि २३ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. या पेशी गोल असतात, त्यांना शेपटी नसते. शेपटी नंतर फुटते. या सगळ्याला साधारण ७४ दिवस लागतात. पुढे वृषणाला लागून असलेल्या नळीत काही दिवस राहिल्यावर शुक्राणूला नीट पोहता येतं.

हा प्रवास पूर्ण न करताच वीर्यात उतरलेल्या पेशी म्हणजे अपक्व पेशी. थोड्याफार त्या सगळ्यांच्याच वीर्यात सापडतात. फार जास्त असतील, तर शुक्राणू तयार होण्यात कुठेतरी अडथळा असू शकतो.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जंतुसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली गोलच दिसतात. त्यामुळे अपक्व पेशींना ‘पस सेल्स’ समजून गरज नसताना अँटिबायोटिक सुरू होऊ शकतं. पेरॉक्सिडेज नावाच्या तपासणीत पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी रंग घेतात, अपक्व पेशी घेत नाहीत. ही तपासणी हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. जोराचा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने दिसू शकतो. औषधाचा गुण कळायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील, तर तेही लपवू नका. त्यांनी शुक्राणू बनणं थांबू शकतं.

‘अपक्व’ या शब्दाचा मर्दानगीशी काही संबंध नाही. मुलाने वेळेवर तपासणी केली, तर सुनेला वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागणार नाहीत.