बरं वाटणं आणि बरं होणं

कोलार म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला सोन्याच्या खाणी आठवतात. पण भोपाळलाही एक कोलार रोड आहे, शहराला पाणी पुरवणाऱ्या कोलार धरणाकडे जाणारा. तिथे माझा मावसभाऊ राहतो. वहिनी धारवाडच्या. त्यामुळे घरात मराठी-कन्नड आणि उंबऱ्याबाहेर हिंदी.

दिवाळीत त्यांच्याकडे गेलो होतो. फराळाचं ताट आलं, पण कॉलेजात शिकणारा पुतण्या हात आखडून बसला. मग हळूहळू सगळं कळलं. त्याला शौचावाटे रक्त पडायचं. मूळव्याध समजून कित्येक महिने घरगुती उपाय झाले. शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. गोळ्यांनी आराम पडला, तसं ‘ईग आराम अदीनी’ असं आईला सांगून पठ्ठ्यानं गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत दुखणं पुन्हा हजर!

असं का व्हावं? मी पडलो भाषेचा माणूस. परतल्यावर आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठलं. त्यांनी समजावलं ते असं.

प्रथिनं म्हणजे फक्त डाळ आणि अंडी नव्हेत. आपलं शरीर स्वतःच हजारो प्रकारची प्रथिनं तयार करतं आणि ती एकमेकांना चिकटून निरोप पोचवतात. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच पातळ थर. वाकळेचे (आपल्या वहिनींच्या भाषेत कौदीचे) तुकडे टाक्यांनी जोडावेत, तशा या पेशी प्रथिनांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हे टाके उसवले की आतड्यातले जंतू आत शिरतात. मग पांढऱ्या पेशी ‘टीएनएफ’ नावाचं प्रथिन सोडतात. ते दुसऱ्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनात कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि दाह भडकतो. दाहामुळे टाके आणखी उसवतात. असं हे दुष्टचक्र.

दुरुस्तीही प्रथिनांच्याच निरोपांवर चालते. अस्तराच्या खळग्यांत मूळ पेशी असतात. त्या नव्या पेशी घडवतात आणि निरोगी माणसाचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. ‘इंटरल्यूकिन-२२’ हे प्रथिन या कामाला जोर देतं. पण दाह धुमसत राहिला तर एकीकडे शिवायचं आणि दुसरीकडे उसवायचं, अशी गत होते.

म्हणूनच नवी औषधं प्रथिनांच्या या गाठीभेटीच रोखतात. टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ साली क्रोन्स या भावंड आजारासाठी मंजूर झालं. २०१४ साली आलेलं वेडोलिझुमॅब पांढऱ्या पेशींना आतड्याच्या रक्तवाहिनीला चिकटूच देत नाही. मात्र टीएनएफ क्षयाच्या जंतूंनाही डांबून ठेवतं. त्यामुळे ते अडवण्याआधी क्षयाची तपासणी व्हावीच लागते. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणं इतकी सारखी असतात, की जाणत्या डॉक्टरांनाही कोडं पडतं.

पुतण्याची चूक आता ध्यानात आली. पोटदुखी थांबली, रक्त थांबलं, म्हणजे अस्तर भरून आलंच असं नाही. आत दाह आहे का, हे शौचाच्या नमुन्यातल्या ‘कॅलप्रोटेक्टिन’ या प्रथिनाच्या तपासणीवरून बरंचसं कळतं. गरज पडली तर पुन्हा दुर्बीण.

तेव्हा वाचकहो, शौचावाटे रक्त पडत असेल किंवा जुलाब आठवडेच्या आठवडे हटत नसतील, तर लाजू नका आणि मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका.

परवा भोपाळला फोन केला. पुतण्या गोळ्या वेळेवर घेतो. वहिनी म्हणाल्या, ‘‘आता तो आराम अदीनी म्हणाला, तरी मी आधी रिपोर्ट बघते!’’