सिंगापूरच्या टेबलावरून दादरचे फेरीवाले

सिंगापूरचं घड्याळ मुंबईच्या अडीच तास पुढे चालतं. इथल्या ऑफिसांतली माणसं साडेबाराला जेवायला खाली उतरतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि घरच्या ताज्या बातम्या फोनवर येऊन पडलेल्या असतात. त्यामुळे इथल्या मराठी नोकरदारांच्या दुपारच्या जेवणाला घरच्या बातम्यांचं तोंडीलावणं असतंच. समोर चिकन राइस नाहीतर लाक्सा, आणि चर्चा महापालिकेची, पावसाची, लोकलच्या गर्दीची, कोणत्या पक्षातून कोण फुटलं याची.

यातली एक बातमी वर्षातून दोन-चारदा तरी येते. दादर, कुर्ला, अंधेरी, नाहीतर ठाणे. स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांवर कारवाई. पालिकेची गाडी आली, माल उचलला, रस्ता मोकळा झाला आणि आठवड्याभरात सगळे परत बसले. ही बातमी वाचली की टेबलावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘इथे बघ, एक तरी हातगाडी दिसते का रस्त्यावर? आपल्याकडे का जमत नाही? सिंगापूरसारखं करून टाकायला पाहिजे एकदा.’’ बाकीचे माना डोलावतात.

हे बोलणारा माणूस त्या क्षणी फेरीवाल्याकडचंच जेवत असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आम्ही जेवतो ते हॉकर सेंटर म्हणजे रस्त्यावरून उठवलेल्या फेरीवाल्यांसाठी सरकारने बांधलेली खाद्यमंडई. वर छत, बाजू मोकळ्या, मध्ये जमिनीत घट्ट बसवलेली टेबलं आणि कडेने गाळ्यांच्या रांगा. ‘सिंगापूरसारखं’ म्हणजे नेमकं काय, हे त्या इमारतीतच दिसतं. आपण मात्र त्यातलं निम्मंच बघतो. रस्ता रिकामा झालेला दिसतो. रिकामा करण्याआधी काय केलं होतं, ते दिसत नाही.

चिकन राइसच्या गाळ्यापाशी दोन मिनिटं थांबून बघावं. जागा जेमतेम एका माणसाला वळता येईल एवढी. काचेमागे उकडलेल्या, तुकतुकीत कातडीच्या कोंबड्या आकड्यांना टांगलेल्या. जाड, गोल लाकडी ठोकळ्यावर सुरा खटाखट पडतो, हाडासकट तुकडे होतात आणि सुऱ्याच्याच पात्यावरून उचलून भातावर मांडले जातात. भात कोंबडीच्या चरबीवर परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला, वासाला पांदानची पानं. भाताला वास यावा म्हणून कोकणात काही घरी परसात लावतात, त्याच जातीची. बाजूला लाल मिरची आणि आल्याची चटणी. ही ताटली साधारण चार-पाच डॉलरला मिळते आणि ऑफिसातल्या साहेबापासून सफाई कामगारापर्यंत सगळे ती एकाच टेबलावर बसून खातात. आता नजर जरा मागे न्यावी. तिथे नळ आहे, मोरी आहे, वीज आहे, धूर बाहेर नेणारा पंखा आहे. दर्शनी भागात परवाना आणि स्वच्छतेची श्रेणी सांगणारं अक्षर लावलेलं आहे. अशी श्रेणी देण्याची पद्धत १९९७मध्ये सुरू झाली. दादरच्या वडापावच्या गाडीवाल्याकडे यातलं काय आहे, आणि ते त्याला कुणी द्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

सिंगापूरचे रस्ते पहिल्यापासून असे नव्हते. १९६५मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा हजारो माणसं हातगाडीवर, कावडीवर, फुटपाथवर चूल मांडून पोट भरत होती. खरकटं पाणी गटारात, गटार नदीत. कॉलरा आणि टायफॉइडची धास्ती कायमची. ब्रिटिश राजवटीने १९५०मध्ये एक चौकशी आयोग नेमून पाहिला होता, पण प्रश्न तसाच राहिला होता. आजच्या मुंबईकराला त्या काळातली छायाचित्रं दाखवली तर तो भुलेश्वर म्हणेल.

नव्या सरकारने सुरुवात केली मोजणीपासून. १९६८-६९मध्ये बेटभर नोंदणी झाली आणि रस्त्यावरच्या सुमारे १८ हजार विक्रेत्यांना तात्पुरते परवाने मिळाले. त्यांना मोठ्या रस्त्यांवरून हलवून मागच्या गल्ल्यांत, वाहनतळांवर, मोकळ्या भूखंडांवर बसवलं. १९७१पासून मंडया बांधायला घेतल्या आणि १९८६पर्यंत नोंद झालेल्या फेरीवाल्यांचं स्थलांतर पूर्ण झालं. मोजणीपासून शेवटच्या गाळ्यापर्यंत सतरा-अठरा वर्षं लागली. जादूची कांडी कुठेच फिरली नाही.

या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट जागांची निवड, असं मला वाटतं. मंडया सरकारी घरबांधणीच्या वसाहतींत, इमारतींच्या पायथ्याशी आणि बसथांब्यांजवळ बांधल्या. माणसं वर राहायला आली आणि खाली त्यांचा जुना नूडलवाला बसला. गिऱ्हाईक जिथून जातं तिथेच गाळा मिळाल्यावर फेरीवाल्याला परत रस्त्यावर यायचं कारण उरलं नाही. पहिल्या पिढीच्या विक्रेत्यांना भाडंही सवलतीचं होतं. आपल्याकडे फेरीवाला क्षेत्राच्या यादीत असे रस्ते येतात जिथे संध्याकाळी सातला कुत्रंही फिरकत नाही, आणि मग विक्रेते तिथे बसत नाहीत म्हणून त्यांनाच दोष दिला जातो.

सिंगापूरची बडग्याची बाजूही सांगितली पाहिजे. विनापरवाना बसणाऱ्यांविरुद्ध सत्तरच्या दशकात खास पथकं नेमली गेली; माल जप्त झाला, दंड झाले. १९७७मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी दहा वर्षांत स्वच्छ करण्याचं उद्दिष्ट दिलं आणि त्या मोहिमेत नदीकाठचे जवळपास पाच हजार फेरीवाले हलवले गेले. विरोध करायला जागा कमी होती. एकाच पक्षाची घट्ट सत्ता, वर १९६६च्या कायद्याने सरकारला मिळालेले भूसंपादनाचे दांडगे अधिकार. ‘सिंगापूरसारखं करा’ म्हणणाऱ्याने हेही हवं आहे का, ते स्पष्ट बोलावं. मला ते नको आहे. मोजणी हवी आहे, नळ हवा आहे, इमारतीखालचा गाळा हवा आहे.

सिंगापूरला हे जमण्याचं आणखी एक कारण आहे, ते आमच्या टेबलावर कधीच निघत नाही. १९७१ ते १९८६ ही सिंगापुरात बहुतांशी कारखान्यांच्या भरभराटीची वर्षं होती. जुरोंगच्या औद्योगिक वसाहतीत आणि इतरत्र हातांना काम मिळत होतं, त्यामुळे तरुण पोरांना रस्त्यावर नवी गाडी लावायची गरज उरली नाही. यादी एकदा केली ती फुगत गेली नाही. त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं? १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि लालबाग-परळमधले अनेक गिरणी कामगार भाजी, कपडे, वडापाव विकायला फुटपाथवर आले. एका शहरात कारखाने माणसांना रस्त्यावरून आत घेत होते आणि दुसऱ्यात आतल्यांना रस्त्यावर काढत होते. या दोन शहरांच्या फुटपाथांची तुलना करताना एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं.

आकारातही फरक आहे. १९७०मध्ये सिंगापूरची लोकसंख्या होती सुमारे २० लाख. मुंबईची २०११च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाख. आपल्या कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायची तरतूद आहे. म्हणजे मुंबईत तीन लाखांच्या वर.

हो, आपल्याकडे कायदा आहे, आणि चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच मुंबईच्या खटल्यात फेरीवाल्यांसाठी जागा आखण्याची दिशा दाखवली होती. १९८९मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर धंदा करणं हा वाजवी बंधनांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे. २०१४मध्ये संसदेने पथविक्रेता कायदा केला. दर पाच वर्षांनी पाहणी, प्रमाणपत्र, विक्रीच्या जागांची आखणी आणि हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. सिंगापूरच्या फेरीवाल्याला एवढा आवाज कायद्याने कधी मिळाला नव्हता.

मुंबईत मात्र पहिलीच पायरी डळमळली. २०१४च्या पाहणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीच्या निवडणुकीसाठी पात्र ठरले ते साधारण ३२ हजार, आणि मतदान झालं ऑगस्ट २०२४मध्ये. मधल्या काळात २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर स्टेशनांबाहेरचे फेरीवाले हटवण्याची मोहीम निघाली. पुढे नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला मनाई केली. ती बातमी आम्ही इथे वाचली तेव्हाही टेबलावर तेच वाक्य आलं होतं. अरुंद पूल, वाढलेली गर्दी, रखडलेली पाहणी, यातलं काहीच त्या वाक्यात मावत नव्हतं.

परदेशात बसून घरच्या बातमीवर बोलताना असं का होतं, याचा विचार बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९९२मध्ये मांडला होता. दूर राहून आपल्या देशाच्या राजकारणात रस घेणारा माणूस तिथे सहसा कर भरत नाही, तिथल्या न्यायालयाला बांधील नसतो, बहुधा मतही देत नाही. त्यामुळे त्याच्या मताची झळ त्याला लागत नाही. आपल्या बाबतीत हे फारच खरं आहे. अनिवासी भारतीयांना २०११पासून मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर जावं लागतं. २०२४च्या लोकसभेसाठी सुमारे १ लाख २० हजार जणांनी नाव नोंदवलं होतं. मतदान केलं तीन हजारांच्याही आत, आणि त्यांतले बहुतेक केरळचे.

सिंगापुरात तर टेबलाबाहेर बोलायची सोयही नाही. मे २०१३मध्ये मलेशियातल्या निवडणुकीनंतर काही मलेशियन नागरिक मरलायन पार्कमध्ये निषेधाला जमले, तेव्हा पोलिसांनी २१ जणांना अटक केली. परदेशी माणसांनी आपल्या देशाचं राजकारण इथे आणू नये, ही भूमिका पक्की आहे. मग उरतो तो कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, पेला आणि चार ओळखीची माणसं. हे बोलणं मला मोलाचं वाटतं. घरापासून तुटलेला माणूस त्यातून घराशी जोडलेला राहतो. डोंबिवलीचा पूल, कोल्हापूरचा पूर, लातूरचं पाणी हे त्याचे प्रश्न राहतात. म्हणूनच ते बोलणं अर्धवट राहिलं की वाईट वाटतं. घरच्यांना ऐकवण्यासारखं काही इथे शिकायला मिळत असताना आपण त्यांना फक्त टोमणा पाठवतो.

सिंगापूरच्या या मंडयांचे आजचे प्रश्नही बघायला हवेत. १९८६नंतर सिंगापूरने दोन तपांहून अधिक काळ नवी मंडई बांधलीच नाही. २०११मध्ये पुन्हा ठरवलं. विक्रेत्यांचं मधलं वय साठीच्या घरात गेलं आहे. पहाटे चारला उठून रस्सा चढवायचा, गरम भांड्यापाशी बारा तास उभं राहायचं आणि ताटली चार डॉलरलाच विकायची, हे मुलांना नको आहे. २०१६मध्ये चायनाटाउनच्या एका गाळ्यावरच्या सोया सॉस चिकनला मिशेलिनचा तारा मिळाला, २०२०मध्ये युनेस्कोने इथल्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. तरीही गाळा पुढे चालवायला माणूस मिळणं अवघडच. शिवाय गाळा घ्यायला नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. आपल्याकडे फेरीवाला म्हटलं की लगेच ‘कुठून आला’ हा वाद निघतो. त्यात सिंगापूरचा दाखला देणाऱ्याने ध्यानात घ्यावं की ही अट देशाच्या सीमेवरची आहे, आणि आपल्या संविधानाने भारतीयाला देशात कुठेही धंदा करण्याची मोकळीक दिली आहे.

रस्ता शंभर टक्के रिकामा हवा, असा हट्ट इथेही नाही. लाउ पा साटच्या जुन्या लोखंडी मंडईशेजारी बून टाट स्ट्रीट आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर तो रस्ता गाड्यांना बंद होतो, कोळशाच्या शेगड्या बाहेर येतात आणि उंच बँकांच्या सावलीत रस्त्यावरच साटेच्या काड्या भाजल्या जातात. कोणत्या वेळी, कुठून कुठपर्यंत आणि कोणी बसायचं, ते ठरलेलं आहे.

मुंबईत हे ठरवायचं काम पथविक्रेता समितीचं. २०१४च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही जागेवरून उठवता येत नाही. पुढच्या वेळी कारवाईची बातमी येईल तेव्हा त्या वॉर्डातली पाहणी कधी पूर्ण झाली, प्रमाणपत्रं किती जणांना मिळाली आणि उठवलेल्यांना कोणती जागा दाखवली, एवढी तीन उत्तरं तिच्यात आहेत का ते पाहावं. ती नसतील तर रस्त्यावरून उचललेला माल कायद्याने उचलला की कायदा मोडून, हे ती बातमी वाचून कुणालाच सांगता येणार नाही, दादरमध्येही नाही आणि सिंगापुरातही नाही.