हरवलेल्या विज्ञानकादंबरीचा माग

नोकरीपायी नव्या रायपुरात मुक्काम पडलेल्या, आणि दर बदलीगणिक पुस्तकांचा एकेक खोका कमी करीत आलेल्या मराठी वाचकाला बालपणीची एखादी विज्ञानकादंबरी अकस्मात आठवावी, परंतु तिचे नाव, लेखक, मुखपृष्ठ यांपैकी काहीच स्मरू नये, हा अनुभव विरळा नाही. अशा वेळी तो बहुधा पात्रांविषयी सांगू लागतो. वास्तविक या वाङ्मयप्रकाराची ओळख त्याच्या गृहीतकात असते. निसर्गाच्या व्यवस्थेत लेखक एकच फेरफार कल्पितो आणि मग त्याचे परिणाम शास्त्राला धरून क्रमाक्रमाने उलगडतो. नायकाचे नाव पुसले गेले तरी हे परिणाम मनात टिकून राहतात, कारण ते अन्यत्र कोठे भेटलेले नसतात.

समजा, एखाद्याला ‘धूमकेतूचे पुस्तक’ एवढेच आठवते. एवढ्या मजकुरावर निवाडा होत नाही. धूमकेतूने केले काय, हे विचारले पाहिजे. तो पृथ्वीवर आदळू पाहत असेल, एका हौशी आकाशनिरीक्षकाने तो शोधलेला असेल, शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याचा मार्ग वळवीत असतील आणि त्याच वेळी घरी शांतीसाठी यज्ञ मांडला जात असेल, तर ती जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’. आणि ती कादंबरी नसून कथा आहे. उलटपक्षी, धूमकेतू पृथ्वीला घासून तिचा एक तुकडा माणसांसकट घेऊन गेला, सूर्य पश्चिमेला उगवून सहा तासांत मावळू लागला, आणि चुलीवरचे पाणी 66 अंशांवरच उकळले, असे आठवत असेल, तर मूळ ग्रंथ ज्यूल व्हर्नची 1877 मधील ‘हेक्टर सर्वादाक’ होय. मराठीत वाचलेले पुस्तक बहुधा भा. रा. भागवतांचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ असावे. हवेचा दाब उणा झाला की पाणी लवकर उकळते. हा एक तपशील माझ्या मते दहा पात्रांच्या नावांहून बळकट पुरावा आहे.

सूर्य झाकणारा, स्वतः विचार करणारा मेघ आठवत असेल, तर ती फ्रेड हॉइल यांची 1957 मधील ‘द ब्लॅक क्लाउड’. हॉइल हे केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू. तेव्हा गुरूची कादंबरी शिष्याच्या खाती जमा होणे सहज संभवते.

लेखकाच्या नावाची साक्ष किती अपुरी, हे मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या कथास्पर्धेत दिसले. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, आणि पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठविली. तिला पहिले पारितोषिक मिळाले. नावाचा आधार नसलेली ती कथा आजही कृष्णविवराजवळ काळ मंदावतो या एका सूत्रावरून ओळखता येते.

गृहीतक निश्चित झाल्यावर नोंदींकडे वळावे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे पहिले दोन खंड 1950 पर्यंतच्या पुस्तकांचे आहेत, त्यापुढच्या काळासाठी ग्रंथालयांच्या याद्या, प्रकाशकांच्या सूची आणि दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका चाळाव्या लागतात, कारण पुष्कळशा विज्ञानकथा प्रथम नियतकालिकांतच आल्या. रायपुराहून नागपूरच्या ग्रंथपालाला पत्र धाडायचे झाल्यास त्यात वाचनाचे अदमासे साल, पुस्तक की अंक, आणि कथेतील एक भौतिक परिणाम एवढे अवश्य लिहावे.