एक खांब गेला, तरी इमारत उभी राहिली पाहिजे!

28 जुलै 1945. दाट धुक्यात वाट चुकलेलं बी-25 बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 79व्या मजल्याजवळ धडकलं. 14 जणांचा जीव गेला, आग लागली. पण पोलादी सांगाडा उभा राहिला.

याउलट 16 मे 1968 रोजी लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. काँक्रीटच्या तयार भिंतींपैकी एक निखळली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण दगावले. त्यानंतर ब्रिटनने नियम बदलले. तत्त्व असं: दुर्घटनेचं कारण लहान असेल, तर नुकसानही त्याच प्रमाणात राहिलं पाहिजे!

पोलादी इमारतीत हे कसं साधतात?

🔩 बांधून ठेवणं: बीम-कॉलमचे जोड ओढ सोसतील असे करतात. खालचा कॉलम गेला, की बीम दोरासारखा ताणला जाऊन भार शेजारी पोचवतो.

🏗️ कॉलम काढून पाहणं: गणितात एकेक कॉलम वगळून उरलेला सांगाडा तपासतात.

🛡️ कळीचा भाग: ज्याच्याविना भागणारच नाही, तो भाग ब्रिटिश नियमांनुसार दर चौरस मीटरला 34 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीन टन, दाब सोसेल इतका भक्कम करतात.

पार्किंगमधल्या कॉलमना वाहनांच्या धडकेचा धोका जास्त, म्हणून तिथे अडथळे हवेतच.

स्थापत्य शिकणाऱ्यांनो, बीमइतकंच लक्ष जोडांकडे द्या. संकटात इमारत तेच सावरतात.

#पोलादी_बांधकाम #स्थापत्य