साथ, सरकार आणि वर्तमानपत्र



गावात साथ आली की रोगाच्या आधी दोन गोष्टी पसरतात: एक भीती आणि दुसरी बातमी. रोग कशाने होतो ते डॉक्टर सांगतील, बंदोबस्त सरकार करील. पण त्यांचे म्हणणे लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचवायचे कोणी? हे काम वर्तमानपत्राचे. ते कसे झाले आणि कुठे अडले, हे १८९७ सालच्या प्लेगवरून चांगले समजते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मुंबई पडले मोठे बंदर. इथल्या जहाजांतून रोग आपल्याकडे येईल, अशी धास्ती युरोपातल्या देशांनी घेतली. १८९७ च्या आरंभी व्हेनिस शहरी त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईहून अरबस्तानात जाणारी हजची वाहतूकही त्या वर्षी बंद ठेवावी लागली. व्यापार बुडू नये म्हणून इंग्रज सरकारला झटपट काही करून दाखवणे भाग होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती फार मोठी सत्ता आली.

पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी मार्च ते मे घरोघर झडत्या घेतल्या. रोगी शोधावा, त्याला इस्पितळात न्यावे, घरच्यांना वेगळे ठेवावे, घर धुऊन काढावे, हा हेतू होता. हेतू वाईट नव्हता, पण रीत वाईट होती. परक्या भाषेचे शिपाई बुटांसकट देवघरात शिरत, बायाबापड्यांची तपासणी करीत, सामान बाहेर काढून जाळीत. मग काय झाले? लोक रोगी लपवू लागले, आणि रोगी लपला म्हणजे रोग वाढणारच.

अशा वेळी वर्तमानपत्रांनी काय केले? पुष्कळ पुढारी शहर सोडून गेले, पण ‘केसरी’कार टिळक पुण्यातच राहिले. रोग लपवू नका, रोग्याला वेगळे ठेवा, हे त्यांनी लोकांना सांगितले आणि लोकवर्गणीच्या इस्पितळासाठी खटपट केली. त्याच ‘केसरी’ने सोजिरांच्या जुलमावर सरकारला खडसावलेही. मुंबईत ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे रोग्यांची सेवा करताना १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगनेच गेले. पुढल्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांचाही रोग्यांच्या सेवेत अंत झाला.

आता दुसरी बाजू पाहा. त्या वेळी गोखले इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची गोष्ट तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांचे दुःख खरे होते. पण छापलेल्या शब्दाला साक्षीदार लागतो.

२२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आरोप होता तो १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवानिमित्त छापलेल्या मजकुरावर. पण संपादक तुरुंगात घातल्याने प्लेग हटला नाही. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १८९८ नंतर सरकारलाच सक्ती सैल करावी लागली.

पुढच्या वर्षांत प्लेग दख्खनच्या खेड्यापाड्यांत शिरला. खेडुतांनी एक गोष्ट हेरली होती: घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. शास्त्र काय सांगते? मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते. हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखवून दिले. म्हणजे अडाणी म्हटलेल्या माणसाचे पाहणे खरे होते. ते विचारून छापणारे पत्र मात्र खेड्यात नव्हते.

ती उणीव भरून काढायला आपला नगर जिल्हा पुढे आला. ‘दीनबंधु’चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक हाती घेतले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून वर्षानुवर्षे चालवले. खेड्यातले पत्र खेड्याची गाऱ्हाणी खेड्याच्याच भाषेत मांडू लागले.

मंडळी, २०२० साली कोरोना आला तेव्हा आपल्याकडे १८९७ चाच कायदा लावला गेला. बातमी मात्र आता मोबाइलवरून क्षणात येते, आणि खोटी बातमी खरीच्या आधी पोचते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. साथीची बातमी वर्गात किंवा चावडीवर वाचून दाखवताना तीन प्रश्न मुलांकडून विचारून घ्या. हे कोणी पाहिले? रोग टाळायला यातून काय करायचे ते कळते का? आणि ज्यांना त्रास झाला, त्यांचे म्हणणे यात आहे का? पहिल्या प्रश्नाने अफवा गळते, दुसऱ्याने जीव वाचतो, आणि तिसऱ्याने कारभार करणाऱ्याला लोकांचे ऐकावे लागते.